मानसोपचारकांचे मानसिक आरोग्य

मानसोपचारक, समुपदेशक आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांना कामातून येणारा ताण, त्यांचे स्वतःचे मनोविकार आणि त्यांवरचे उपाय यांचा हा विषय. इतरांना ‘बोला, मोकळे व्हा’ असे सांगणाऱ्या या व्यवसायाने स्वतःबद्दल मात्र बराच काळ तोंड उघडले नाही. मनोविश्लेषकाने दर पाच वर्षांनी पुन्हा विश्लेषण करून घ्यावे, त्यात लाज कसली, असे फ्रॉइड यांनी १९३७ सालीच लिहून ठेवले होते.

कार्ल रॉजर्स यांचे उदाहरण बोलके आहे. १९४० च्या दशकाअखेर ते शिकागो विद्यापीठाचे समुपदेशन केंद्र चालवत होते आणि मन लावून ऐकण्याबद्दल त्यांची ख्याती होती. तिथे एका गंभीर आजारी महिलेच्या उपचारांत ते इतके गुंतले, की आपलेच मन हातचे जाते आहे असे त्यांना वाटू लागले. तरी उपचार थांबवणे जमेना. अखेर एके दिवशी तिला एका तरुण मनोविकारतज्ज्ञाकडे सोपवून ते तासाभरात पत्नी हेलनसह शहराबाहेर पडले आणि दोन-तीन महिने परतलेच नाहीत. परतल्यावर त्यांनी उपचार घेतले तेही आपल्याच केंद्रातल्या सहकाऱ्याकडे. हे सारे पुढे त्यांनी स्वतःच सांगितले, हे विशेष.

या कामाची घडणच एकटे पाडणारी आहे. एकाचे आत्महत्येचे विचार ऐकून होतात न होतात, तोच दुसऱ्याचा घटस्फोट दारात उभा असतो. घरी मात्र यातले अवाक्षर काढायचे नाही, कारण गोपनीयता! न्यूयॉर्कमध्ये दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस आणि रात्री मोफत दवाखाना सांभाळणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी अशा थकव्यावर १९७४ मध्ये निबंध लिहिला. ‘बर्नआउट’ हा शब्द तिथून रूढ झाला. अत्याचारग्रस्तांच्या हकिकती ऐकून ऐकून उपचारकाचीच जगाकडे पाहण्याची नजर बदलते, याकडे १९९० मध्ये मॅकॅन आणि पर्लमन यांनी लक्ष वेधले.

पोप आणि टॅबॅकनिक यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत ८४ टक्के मानसशास्त्रज्ञांनी कधी ना कधी स्वतः थेरपी घेतली होती; ६१ टक्क्यांनी नैराश्याचा अनुभव नोंदवला, तर २९ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. पण सगळा दोष व्यवसायाच्या माथी मारणे घाईचे ठरेल. मनाचे दुखणे आधी भोगून मग या वाटेला आलेलेही आहेतच. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीच्या जनक मार्शा लिनेहान १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. हे त्यांनी २०११ मध्ये त्याच संस्थेत जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्यांची पद्धत जगभर पोहोचली होती.

उपायांत सर्वांत भरवशाचे मानले जाते ते सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी सहकाऱ्यापुढे आपल्या केसेस मोकळेपणाने मांडणे. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या प्रमुख संघटनेने मान्यताप्राप्त सदस्यांसाठी महिन्याला किमान दीड तास ठरवून दिला आहे. भारतात खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या नवख्या समुपदेशकाला सुपरव्हिजनची फी बहुधा स्वतःच्या खिशातून भरावी लागते.