तिसऱ्या शैलीचा जन्म

नवउद्योजकांच्या प्रशिक्षणात नेतृत्वाच्या तीन शैली हमखास शिकवल्या जातात: हुकमी, लोकशाही आणि मोकळीक देणारी. तिन्ही सारख्याच तोलाच्या, हवी ती निवडा, असा त्यात भाव असतो. त्यांचं कूळ शोधलं तर तो टिकत नाही. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये जर्मनी सोडलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन पुढे अमेरिकेत आयोवाला आले. तिथे त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड लिपिट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे दोन गट नाटकाचे मुखवटे बनवायला बसवले. एकात प्रत्येक पायरी म्होरक्या ठरवी, दुसऱ्यात मुलं चर्चेने ठरवत. शैली तेव्हा दोनच होत्या. पुढच्या प्रयोगात राल्फ व्हाइट सामील झाले. लोकशाही म्होरक्या म्हणून ते इतके अलिप्त राहिले की गट विस्कळीत झाला. लेविन यांनी ही फसगत झाकली नाही. हा प्रकारच वेगळा आहे हे ओळखून त्याला तिसरी शैली म्हणून प्रयोगात घेतलं. म्हणजे मोकळीक ही मुळात अर्धवट सोडलेली लोकशाही होती, आणि सगळ्यांना मोकळं सोडलंय असं अभिमानाने सांगणाऱ्या तरुण संस्थापकाने हे जाणून घ्यायलाच हवं. प्रयोगात दिसलं ते असं: म्होरक्या खोलीबाहेर गेला की हुकमी गटाचं काम ढेपाळे, लोकशाही गटाचं जवळपास तसंच चाले, आणि मोकळीक दिलेल्या गटाचं चक्क वाढे, कारण मुलांपैकीच कुणीतरी पुढाकार घेई.

मुलांचा छंदवर्ग म्हणजे कंपनी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तिथे ना पगार होता, ना मुदत. हुकूमशाहीतून निसटलेल्या माणसाला लोकशाहीच सरस दिसणार, असंही म्हणता येईल. पण म्होरक्या समोर असताना हुकमी गटच सर्वाधिक वेळ कामात असे, हेही याच संशोधकांनी नोंदवलं. कल असूनही त्यांनी प्रतिकूल पुरावा दडवला नाही. अनुभवी माणसांना मोकळीकच मानवते, हा तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. मात्र तिथे उद्दिष्ट आधीच सर्वांना स्पष्ट असतं, आणि नव्या कंपनीत नेमकं तेच नसतं. आयोवातला लोकशाही म्होरक्या पहिल्याच बैठकीत कामाचे टप्पे समजावी, अडल्यावर दोन-तीन मार्ग सुचवून निवड गटावर सोपवी, आणि कौतुक किंवा टीका करताना कारण देई. व्हाइट यांच्या गटाला हेच मिळालं नव्हतं.