भागवणे

भागवणे (क्रियापद, बीड जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाड्यात रोजच्या तोंडचे): घरात, शिवारात किंवा गाठीला जे आहे तेवढ्यात गरज पुरी करणे, आणि तिची बोंब न करणे. मूळ 'भागणे' हे क्रियापद मोठे मजेशीर आहे. तहान भागते, खर्च भागतो, गणितात एका संख्येने दुसरीला भागतात आणि दिवसभर राबलेला माणूसही भागतो, म्हणजे दमतो. कीर्तनकार ज्याला समाधान म्हणतात ती मनाची अवस्था आहे. भागवणे हे हाताचे काम आहे. पारावर 'कसं चाललंय?' विचारले की 'भागतंय' असे उत्तर येते. त्यात रड नसते आणि फुशारकीही नसते. सांगणारा पोटभर जेवला आहे की नुसताच थकला आहे, हे ऐकणाऱ्याने चेहऱ्यावरून ओळखायचे.

हा शब्द इथे इतका मुरला त्याचे कारण जमिनीत आणि आभाळात आहे. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, तालुके ११, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, तिच्या काठची गेवराई-माजलगावची जमीन काळी, कसदार. दक्षिणेकडे बालाघाटाचे डोंगर चढले की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार ही मुरमाड गावे लागतात. मांजरा नदी पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते, पण तिचे पाणी साठते पुढे धनेगावच्या धरणात. उगमाजवळच्यांना ते वाहताना दिसते एवढेच. पाऊस वर्षाला सरासरी ६०० ते ७०० मिलिमीटर, तोही वेळेवर येईल याची हमी नाही. म्हाताऱ्या माणसांची कालगणना अजून 'बहात्तरच्या', म्हणजे १९७२ च्या, दुष्काळापासून सुरू होते. खडी फोडायची कामे, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी या तीन गोष्टी त्यांच्या बोलण्यात हमखास येतात.

भागवण्याचे पहिले ठिकाण म्हणजे चूल. येसर हा त्याचा उत्तम नमुना. ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे आणि खडा मसाला वेगवेगळे भाजायचे, एकत्र दळायचे आणि डब्यात घट्ट भरून ठेवायचे. भाजी नसली, बाजाराचा दिवस लांब असला की मूठभर येसर थंड पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. गार पाण्यात आधी कालवले नाही तर गाठी होतात, आणि गाठी झाल्या की सासू काय म्हणेल ते वेगळे सांगायला नको. धान्याचे पीठ असल्याने आमटी आपोआप दाट होते. ऐन वेळी दोन पाहुणे वाढले तर तांब्याभर पाणी आणि चिमूटभर मीठ वाढते. मात्र येसराला गरिबाचे अन्न म्हणणे चूक ठरेल. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीतही येसर आमटी वाढतात आणि माणसे ती मागून घेतात. हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे यांचेही तेच. अडचणीतून जन्मलेले पदार्थ पुढे आवडीचे झाले.

दुसरे ठिकाण वाकळ, म्हणजे गोधडी. फाटके लुगडे वर, दुसरे खाली आणि मध्ये धोतराचे तुकडे, मुलांचे जुने सदरे, जे हाती येईल ते. बाई अंगणात चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणते आणि काठापासून धावदोरा घालत आत आत सरकते. टाका मोठा पडला तर धुतल्यावर आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात, म्हणून हात घाई करत नाही. ओळखणाऱ्याला त्या वाकळेत अख्खे घर दिसते: ही आजीची काठाची पट्टी, हा शाळेचा खाकी तुकडा.

पाण्याच्या बाबतीत भागवण्याचे शास्त्र किती जुने आहे, हे बीड शहराबाहेरच्या खजाना बावडीवर दिसते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीत, सलाबतखानाने ती बांधवली. रचनाकार म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगितले जाते. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत जिरलेले पाणी इथे भुयारांतून येते आणि भुयारातूनच बलगुजार भागातल्या शेतांकडे जाते. मोट नाही, पंप नाही. उतार काम करतो. सरकारी खजिना या विहिरीत घातला म्हणून हिचे नाव 'खजाना' पडले, अशी कथा लोक रंगवून सांगतात. कथा खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला पाण्याचे मोल बरोबर कळले होते. याच विचाराची अलीकडची आवृत्ती २०१६ मध्ये दिसली. पानी फाउंडेशनची 'वॉटर कप' स्पर्धा त्या पहिल्या वर्षी राज्यातल्या फक्त ३ तालुक्यांत झाली आणि अंबाजोगाई त्यांपैकी एक होता. गावकऱ्यांनी ४५ दिवस टिकाव-फावडे घेऊन समतल चर खणले, बांध घातले. पाऊस वाढवणे कुणाच्या हातात नव्हते. पडेल तो शिवाराबाहेर जाऊ न देणे तेवढे हातात होते.

बालाघाटाच्या उघड्या उतारांवर जिथे दुसरे काही उभे राहत नाही तिथे सीताफळ येते. कुणी पाणी देत नाही, खत घालत नाही. दिवाळीच्या आसपास पाट्या भरून ते रस्त्यावर विकायला येते. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. असलेल्याची किंमत सरकारदरबारी नोंदली गेली, एवढाच बदल. झाडे पूर्वीपासून तिथेच होती.

अंबाजोगाईच्या दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी या शब्दाच्या चर्चेत अनेकदा ओढून आणली जाते. लांबलचक, जाडसर सुती कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ आकृत्यांसह लिहिला. अंगावर पांघरायच्या कापडाचा ग्रंथ केला, म्हणजे केवढी अल्पसंतुष्टता, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही. ज्यांनी गीतेवर 'गीतार्णव' नावाची सव्वा लाख ओव्यांची टीका लिहिली, त्यांच्या लेखणीला थोडक्यात भागवणे माहीत नव्हते. कापड साधे होते, लेखन नाही. पासोडीची गंमत नेमकी या विसंगतीत आहे.

अर्थशास्त्रात या कसबाची दखल उशिरा घेतली गेली. माणूस प्रत्येक वेळी सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, पुरेसा मिळाला की थांबतो, असे अमेरिकी विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी मांडले. त्यासाठी १९५६ मध्ये त्यांनी इंग्रजीतले 'तृप्त होणे' आणि 'पुरणे' हे दोन शब्द जोडून 'सॅटिस्फाइस' हा नवा शब्द वापरला. १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मराठीत ही जोडणी 'भागणे'ने केव्हाच करून ठेवली होती. फरक एवढाच की सायमन यांच्या माणसापुढे पर्यायांची रांग असते. पीठ डब्याच्या तळाशी गेलेल्या बाईपुढे ती नसते.

आणि इथेच या शब्दाची दुसरी बाजू सुरू होते. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली 'उचल' फडात राबून फेडायची, पाचटाच्या कोपीत राहायचे, जमल्यास उसाचे वाढे विकून वरखर्च काढायचा. कामाचा दिवस बुडाला तर 'खाडा' आणि त्याचा दंड. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दुखणे अंगावर काढून किती दिवस भागवायचे, याचे हे उत्तर होते. बाईने येसरात पाणी वाढवणे आणि तिने दुखणे दाबून मोळी उचलणे या दोन्हींना बोलीत एकच शब्द आहे. पहिल्याचे कौतुक करताना दुसरेही त्यात खपून जाते.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की टोळ्या गावाकडे परततात. कोयते पोत्यात गुंडाळून आढ्याला अडकवले जातात, बंद घराची चूल सारवली जाते. मग मुकादमाकडे हिशेब होतो: टनेज किती, खाडे किती, उचल किती फिटली. भागाकारात उरते तिला मराठीत बाकी म्हणतात, आणि मुकादमाच्या वहीतही तोच शब्द आहे. ती पुढच्या हंगामाच्या उचलीत चढवली जाते.