सुकडी, पेरू आणि मोहन

बारामती तालुक्याचे आजही बोलण्यात दोन भाग पडतात, बागायती पट्टा आणि जिराईत पट्टा. ही रेघ नीरा नदीच्या डाव्या कालव्याने ओढली. 1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर, 1885 च्या सुमारास हा कालवा वाहू लागला. पाटाखाली ऊस आणि गुऱ्हाळं आली. पाटाच्या वर बाजरी, ज्वारी आणि पावसाची वाट राहिली. माझं माहेर सुप्याच्या बाजूचं, पाटाच्या वरचं.

तिथं 1972 चा दुष्काळ पडला. त्याआधीपासूनच बारामतीत श्रमाच्या मोबदल्यात धान्य आणि तेल देऊन पाझर तलाव खोदले जात होते. बहात्तरात घरोघरची माणसं दुष्काळी कामावर गेली. आई खडी फोडायची आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. भाजक्या पिठाची, गोडसर, भुरभुरीत. आम्ही ती मुठीने खायचो. पोषणासाठी वाटलेलं ते सरकारी अन्न आम्हां पोरांना मात्र खाऊच वाटायचं.

लग्नानंतर मी इंदापूर तालुक्यात आले. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे इकडची शेती पालटली. आमच्या बांधालगत आज पेरू आहे. हंगामात घरात टोपलीभर पिकलेला पेरू असला, की मी क्रंबल हा इंग्लंडातला गोड पदार्थ करते. इंग्लंडमध्ये 1940 ते 1954 शिधावाटप होतं. लोणी आणि साखर मोजून मिळे, 'पाय' (pie) या पदार्थाची पारी लाटायला ती पुरत नसे. मग फळावर पिठाचा चुरा पसरून भाजण्याची ही रीत तिथं घरोघरी रुजली.

कृती आपल्या हातातलीच आहे. अर्धा किलो पेरूच्या बिया काढून फोडी करायच्या, त्यांवर दोन चमचे गूळ आणि लिंबू. वाटीभर कणकेला पाव वाटी थंड तूप बोटांनी चोळायचं, शंकरपाळ्याला मोहन चोळतो तसं. मूठ वळली पाहिजे आणि दाबली की सुटली पाहिजे. तुपाने पिठाचे कण वेढले जातात, म्हणून ते चिवट होत नाहीत. त्यात अर्धी वाटी किसलेला गूळ मिसळून फोडींवर न दाबता पसरायचं. ओव्हनमध्ये 180 अंश सेल्सिअसवर पस्तीसेक मिनिटं भाजायचं, कडेने रस उकळेपर्यंत. ज्वारीचं थोडं पीठ घातलं तर चुरा आणखी खुसखुशीत होतो.

माझ्या मते सुकडी आणि क्रंबल एकाच कुळातली. दोन्हींमागे टंचाई आहे, आणि असेल तेवढ्यात लेकरांच्या तोंडी गोड घास घालायची धडपड आहे. पण क्रंबल पुस्तकांत गेलं आणि सुकडीची चव फक्त आठवणीत उरली. ज्यांनी ती कामावर बसून खाल्ली, ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आपल्या खाण्याच्या इतिहासात दुष्काळाचं हे पान असलंच पाहिजे.