हितोपदेशाची विभागणी आणि सुट्या पानांची परीक्षा

जुन्या पोथ्यांच्या रुमालांत नीतिकथांचीं सुटीं पानें वारंवार आढळतात, आणि त्यांवर "पंचतंत्र" असें लिहून संग्राहक बहुधा मोकळे होतात. कपोतराज चित्रग्रीव, उंदीर हिरण्यक, सिंह पिंगलक, कोल्हे करटक व दमनक हे पंचतंत्रांत आहेत तसेच हितोपदेशांतही आहेत. तेव्हां नुसत्या नांवांवरून निर्णय करणें धोक्याचें. निर्णयाचें अधिक भरंवशाचें साधन ग्रंथाच्या विभागणींत आहे, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

हितोपदेश हा बालांसाठीं रचिलेला लहानसा ग्रंथ. त्याचा कर्ता नारायण असून ग्रंथाच्या अखेरीस त्यानें धवलचंद्र ह्या आश्रयदात्याचा निर्देश केला आहे. नेपाळांतील एका पोथीचा काल इ. स. १३७३ असल्यामुळें ग्रंथ त्यापूर्वींचा हें उघड आहे. कोऱ्या पात्रावर उमटलेला संस्कार पुढें पालटत नाहीं, म्हणून कथेच्या मिषानें बालांस नीति सांगतों, असा प्रास्ताविकाचा आशय. त्याच प्रास्ताविकांत मित्रलाभ, सुहृद्भेद, विग्रह व संधि हे चार विभाग क्रमानें सांगून, पंचतंत्र व दुसरा एक ग्रंथ ह्यांवरून हें लेखन केल्याचें कर्ता कळवितो. तात्पर्य, ही विभागणी लेखकूची नव्हे, ग्रंथकाराची आहे.

पंचतंत्राचीं तंत्रें पांच: मित्रभेद, मित्रसंप्राप्ति, काकोलूकीय, लब्धप्रणाश व अपरीक्षितकारक. पांचांचे चार झाले, म्हणजे केवळ संक्षेप झाला, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य नाहीं. कावळे व घुबडें यांच्या वैराच्या एकाच तंत्रांत जो राजनीतीचा विषय सामावला होता, त्याचे नारायणानें दोन स्वतंत्र विभाग केले. विग्रहांत हंसराज हिरण्यगर्भ व मयूरराज चित्रवर्ण यांचें युद्ध, आणि संधींत त्यांचाच तह. घुबडांचा उच्छेद होऊन जें वैर संपत होतें, त्याच्या जागीं दोन्ही राजे जिवंत राहून झालेला सलोखा आला. ऐकणारें मूल युद्धावर थांबत नाहीं, तहापर्यंत पोंचतें. ह्याला संक्षेप म्हणतां येणार नाहीं.

उलट, वानर व मगर यांची चौथ्या तंत्रांतील मुख्य कथा हितोपदेशांत मुळींच नाहीं. पांचव्या तंत्रांतील ब्राह्मण व मुंगूस यांची कथा संधींत आली. पहिल्या तंत्रांतील कांसव व दोन हंस, तसेंच तीन मासे, ह्या कथाही तेथेंच आल्या.

मित्रलाभ आधीं व भेद मागाहून, ह्या क्रमाचें श्रेय मात्र एकट्या नारायणास देतां येत नाहीं. नेपाळांत मिळालेल्या पंचतंत्राच्या एका पाठांतही पहिल्या दोन तंत्रांची अशीच अदलाबदल आहे. म्हणजे त्याच्यापुढील पोथीच तशी असण्याचा संभव आहे. युद्ध व तह यांची फोड ही त्याची स्वतःची, असें आम्ही समजतों.

विभागांचे सांधेही पाहण्यासारखे आहेत. विभाग संपला कीं राजपुत्र विष्णुशर्म्यास पुढील विषय विचारतात. आम्ही राजपुत्र आहों, तेव्हां विग्रह ऐकण्याची उत्कंठा आहे, असें ते तिसऱ्या विभागाच्या आरंभीं म्हणतात. विषय गुरूनें लादलेला नसून शिष्यानें मागितलेला आहे. ज्या पानावर अशी पृच्छा आढळेल, तें विभागाच्या सांध्याचें पान जाणावें.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. पुष्पिकेंत "मित्रलाभ" एवढेंच असेल तर घाई करूं नये. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रासही कोठें कोठें हेंच नांव दिलेलें असतें. विभाग पहिला कीं दुसरा, हें पाहावें. कपोतांची कथा गोदावरीतीरींच्या शाल्मलीवृक्षापासून सुरू होत असेल तर पान हितोपदेशाचें. महिलारोप्य नगर व वटवृक्ष असेल तर पंचतंत्राचें. कांसवाची कथा संपून बोलणें हंसराज व त्याचा मंत्री चक्रवाक यांच्याकडे वळत असेल, तर तें संधीचें पान. टिटवीच्या कथेकडे वळत असेल, तर मित्रभेदाचें.

श्रीरामपूर येथें १८०४ मध्यें संस्कृत हितोपदेश छापला गेला, व १८८७ मध्यें पीटरसन यांची आवृत्ति मुंबईस निघाली. छापील ग्रंथ हातीं असल्यावर सुट्या पानांची गरज काय, असें कित्येकांस वाटतें. परंतु पाठ मिळवून पाहणाऱ्यास प्रत्येक जुनें पान हा एक साक्षीदार असतो, आणि चुकीच्या नांवाखालीं बांधलेला साक्षीदार बोलावूनही येत नाहीं. करितां आपापल्या दप्तरांतील "पंचतंत्र" नांवाचीं पानें संग्राहकांनीं ह्या दृष्टीनें एकवार उलगडून पाहावींत, अशी आमची विनंति आहे.