चोपन्न तासांचे कूळ

कंपनी काढायची म्हणजे आधी भांडवल, मग जागा, मग माणसे, हा क्रम आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बोल्डर या लाखभर वस्तीच्या गावात २००७ च्या जुलैमध्ये अँड्र्यू हाइड नावाच्या तरुणाने तो क्रम उलटा केला. त्याने आधी माणसे जमवली, तीही सत्तरेक. प्रोग्रॅमर होते, डिझायनर होते, मार्केटिंगवाले होते. कल्पना त्यांनीच निवडायची, शुक्रवारी संध्याकाळी कामाला लागायचे आणि रविवारी रात्रीपर्यंत कंपनी उभी करायची. मालकी सगळ्यांची. या उपक्रमाला त्याने नाव दिले ‘स्टार्टअप वीकेंड’.

त्या सत्तर जणांनी मिळून एकच कंपनी काढली. मित्रमंडळींनी मोबाइलवरून झटपट मत देऊन एखादी गोष्ट ठरवावी, अशी ती सेवा होती. नाव ‘व्होस्नॅप’. कंपनी टिकली नाही. पण त्या वीकेंडने जे शिकवले, त्यावरच पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. गणेशोत्सव मंडळाची पहिली बैठक ज्याने पाहिली आहे, त्याला सत्तर माणसांचा एक निर्णय म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शिवाय सत्तर भागीदारांची कंपनी सोमवारी चालवायची कोणी? पुढच्या खेपांमध्ये ‘सगळ्यांची मिळून एक कंपनी’ हा नियम गेला आणि ‘ज्याची कल्पना त्याने मांडावी, पटेल त्याने सोबत यावे’ हा नियम आला. माझ्या मते या पद्धतीचा खरा जन्म तिथे झाला. मुदत आधीपासूनच होती, छोटी टीम नंतर आली, आणि तिच्यामुळेच पद्धत जगभर गेली.

अर्थात मुदत घालून एकत्र बसण्याची चाल हाइडने शोधलेली नव्हती. तिचे मूळ प्रोग्रॅमरांच्या बैठकीत सापडते. जून १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात ‘ओपनबीएसडी’ या संगणकप्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र आले होते. तेव्हा अमेरिकेत एन्क्रिप्शनचे तंत्र देशाबाहेर पाठवण्यावर कायद्याची बंधने होती. ती टाळण्यासाठी हे काम कॅनडात करणे सोयीचे होते. त्या बैठकीला त्यांनी ‘हॅकेथॉन’ म्हटले. त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्सनेही आपल्या परिषदेत तोच शब्द वापरला. पण तिथे जमणारे सगळे एकाच विद्येचे होते. त्यातून कोड निघत असे, दुकान निघत नसे. हाइडने कोड लिहिणाऱ्याच्या शेजारी विकणारा बसवला, ही त्याने घातलेली भर.

२००९ मध्ये मार्क नेगर आणि क्लिंट नेल्सन यांनी हा उपक्रम हाती घेतला. तो सिअ‍ॅटलला गेला, ना-नफा संस्था झाला, आणि उद्योजकतेसाठी काम करणाऱ्या कॉफमन फाउंडेशनचे पाठबळ त्याला मिळाले. वीकेंडचे वेळापत्रकही याच काळात घट्ट झाले. शुक्रवारी संध्याकाळी सहापासून रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत मोजले की बरोबर चोपन्न तास होतात. तोच आकडा या उपक्रमाची ओळख बनला.

शुक्रवारची संध्याकाळ जवळून पाहण्यासारखी असते. आल्या आल्या अनोळखी माणसांना बोलते करण्यासाठी अनेक ठिकाणी एक खेळ घेतात. लोक मनात येतील ते शब्द ओरडतात, ते फळ्यावर लिहिले जातात. प्रत्येक गटाने त्यातले दोन शब्द उचलायचे, ते जोडून कंपनीचे नाव करायचे आणि काही मिनिटांत त्या कंपनीचा धंदा काय, हे उभे राहून सांगायचे. ‘छत्री’ आणि ‘बँक’ हे शब्द वाट्याला आले, तर छत्रीबँक काय करते हे सांगावेच लागते! या हसण्याखिदळण्यात माणसे एकमेकांना जोखतात. कोण चटकन बोलतो, कोण ऐकून घेतो, कोण कागद ओढून चित्र काढायला लागतो, हे लगेच दिसते. मग खरी मांडणी सुरू होते. माणशी साठ सेकंद. मांडलेल्या कल्पनांचे कागद भिंतीवर लागतात, लोक स्टिकी नोट्स चिकटवून मते देतात आणि जास्त मते मिळालेल्या कल्पनांभोवती टीमा जमतात. ज्याची कल्पना पडली तो दुसऱ्याच्या टीमला जाऊन मिळतो. स्वतःची कल्पना बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कल्पनेसाठी रात्र जागवणे सोपे नसते, आणि या पद्धतीतला तो सर्वांत मोलाचा धडा आहे.

शनिवार मार्गदर्शकांचा. त्यांचा ठरलेला आग्रह असतो, उठा आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकाशी बोला. हा विचार अमेरिकी उद्योजक स्टीव्ह ब्लँक यांच्याकडून आला. ‘कस्टमर डेव्हलपमेंट’ या नावाने तो त्यांनी मांडला आणि एरिक रीस यांच्या २०११ च्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकाने घरोघरी नेला. रविवारी संध्याकाळी परीक्षकांपुढे काही मिनिटांचे सादरीकरण आणि प्रश्नोत्तरे.

यातून काय निघाले? बहुतेक टीमा सोमवारी आपापल्या नोकरीवर परततात. काही मात्र चालत राहिल्या. २०११ मध्ये सिअ‍ॅटलच्या वीकेंडला ग्रेग गॉट्समन या गुंतवणूकदाराने आपल्या कुत्रीचा अनुभव मांडला. सांभाळायला ठेवलेल्या ठिकाणाहून ती जखमी होऊन परतली होती. कुत्र्याला परक्या पिंजऱ्यात ठेवण्यापेक्षा प्राणिप्रेमी माणसाच्या घरी ठेवता यावे, ही त्याची कल्पना. तिची ‘रोव्हर’ झाली, २०२१ मध्ये ती शेअरबाजारात गेली आणि २०२४ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने ती सुमारे २३० कोटी डॉलरला विकत घेतली. त्याच २०११ साली रिओ दी जानेरोत टालिस गोमेस बसच्या अ‍ॅपची कल्पना घेऊन वीकेंडला आला. तसेच काही गूगल आणत असल्याचे कळले. पावसात टॅक्सी मिळेना, तेव्हा त्याने विषयच बदलला आणि त्यातून ‘ईझी टॅक्सी’ निघाली. दोन्ही गोष्टींचे मूळ स्वतः भोगलेल्या अडचणीत आहे.

२०१५ मध्ये स्टार्टअप वीकेंडचा हा पसारा नवख्या कंपन्यांना तुकड्यातुकड्यांनी घडवणाऱ्या टेकस्टार्सने आपल्याकडे घेतला. तीही मूळची बोल्डरचीच संस्था, आणि तिची पहिली तुकडी २००७ च्या त्याच उन्हाळ्यातली.

आपल्याकडे पुण्या-मुंबईतही स्टार्टअप वीकेंड भरले. पण घराघरांत पोहोचली ती दुसरी शाखा, हॅकेथॉनची. १ आणि २ एप्रिल २०१७ रोजी पहिल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ची अंतिम फेरी झाली. सलग छत्तीस तास, देशभरात २६ केंद्रे, सुमारे १० हजार विद्यार्थी. या कामात पुण्याचा वाटा मोठा. पर्सिस्टंट सिस्टिम्स त्यात भागीदार होती, आणि तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे हे आधी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे संचालक होते. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना एवढ्या मोठ्या मंचावर उभे राहायला मिळाले, याचे मोल मी कमी मानत नाही. फरक एवढाच की तिथे प्रश्न मंत्रालये आणि सरकारी खाती देतात, मुलांनी उत्तर शोधायचे असते. कूळ एकच असले, तरी हॅकेथॉनची शाखा उत्तरापासून सुरू होते आणि वीकेंडची शाखा प्रश्नापासून. आपल्या मुलांना उत्तरांचा सराव भरपूर आहे, प्रश्न शोधण्याचा नाही.

म्हणून कॉलेजांना एक विनंती. पुढच्या वेळी असा कार्यक्रम ठेवाल, तेव्हा विषयांची यादी आधी लावू नका. शुक्रवारची संध्याकाळ मुलांच्या स्वतःच्या अडचणींसाठी मोकळी ठेवा. आणि शनिवारी दुपारी लॅबला कुलूप लावून त्यांना बाजारात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत पाठवा. लॅपटॉप संध्याकाळी उघडले तरी चालतील.