मुंबईचं टपाल आणि युरोपातली शर्यत

मी चोडणचा. रोज सकाळी फेरीबोटीने रायबंदरला उतरायचं आणि तिथून बस धरून पणजीतलं ऑफिस गाठायचं, हा नेम गेली वीस वर्षं चालू आहे. फेरीबोट आणि बस यांचं जमलं तर मी वेळेवर टेबलाशी. फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली की पुढची बसही गेली आणि मस्टरवर लाल शाई आली. बस किती जोरात पळते याला मग काही अर्थ उरत नाही.

हल्ली टीव्हीवर विमानाला हात न लावता युरोप ओलांडायच्या शर्यती दाखवतात. आगगाडी, बस, बोट, जे मिळेल ते धरायचं आणि पोचायचं. आमच्या ऑफिसातल्या तरुण मंडळींना त्याचं फार अप्रूप. त्यांना मी सांगितलं, बाबांनो, अशी एक शर्यत 1845 सालीच झालीय, आणि त्या शर्यतीतलं ओझं होतं आपल्या मुंबईचं टपाल.

त्या काळी इंग्लंडहून हिंदुस्थानात पत्र यायचं ते आफ्रिकेला वळसा घालून. सोळा हजार मैल, तीन महिने. जायला तीन आणि उत्तर यायला तीन. म्हणजे मुलाच्या आजारपणाचं पत्र घरी पोचेपर्यंत तो बरा तरी झालेला असे, नाही तर गेलेला. इजिप्तमधून वाट काढली तर अंतर सहा हजार मैलांवर येतं, हे थॉमस वॅगहॉर्न नावाच्या एका दर्यावर्दी माणसाच्या डोक्यात बसलं. हा चॅथम गावचा, 1800 साली जन्मलेला. बंगालमध्ये जहाजं वाट दाखवून आणायचं काम त्याने केलं होतं.

1829 च्या ऑक्टोबरात तो लंडनहून निघाला. घोडागाड्या बदलत, आल्प्स ओलांडत ट्रिएस्टला आला, तिथून अलेक्झांड्रिया, मग सुएझ. सुएझला त्याला ‘एंटरप्राइज’ ही आगबोट मिळायची होती. बोट आलीच नाही! आमची फेरीबोट बंद पडली की आम्ही धक्क्यावर बसून सरकारला शिव्या घालतो. या गृहस्थाने उघडी होडी घेतली आणि तांबड्या समुद्रात शिरून जेद्दा गाठलं. मुंबईला पोचायला 1830 चा मार्च उजाडला. युरोपात कमावलेले सगळे दिवस एका न आलेल्या बोटीने खाल्ले.

पुढे त्याने इजिप्तमध्ये नाईलच्या होड्या, वाळवंटातल्या गाड्या आणि मुक्कामाच्या जागा यांची घडी बसवण्यात वर्षं घातली. पत्रं 35 ते 45 दिवसांत पोचू लागली. तरी वाद उरलाच. युरोपात शिरायचं कुठून? सरकारी टपाल फ्रान्समधून, मार्सेयवरून जाई. वॅगहॉर्न म्हणे, ट्रिएस्टकडून लवकर पोचतं. लंडनच्या ‘टाइम्स’ने त्याची बाजू घेतली आणि शर्यत ठरली.

ऑक्टोबर 1845 मध्ये मुंबईची डाक सुएझला उतरली. नेहमीचं टपाल नेहमीच्या वाटेने निघालं. त्याच्या जादा प्रती घेऊन एक सांडणीस्वार अलेक्झांड्रियाकडे दौडला. तिथे वॅगहॉर्न वाट पाहत होता आणि ऑस्ट्रियन आगबोट तयार होती. तो ट्रिएस्टपर्यंतही गेला नाही. त्याच्या अलीकडे उतरलं तर लंडन बारा मैलांनी जवळ पडतं, म्हणून डुइनोला उतरला.

पुढचा युरोप डोळ्यांपुढे आणा. ट्रिएस्टपर्यंत रेल्वे यायला अजून बारा वर्षं होती. आल्प्स ओलांडायचा तो घोड्यांच्या जिवावर. ऑस्ट्रिया, बव्हेरिया, बाडेन, प्रशिया, बेल्जियम असा प्रवास. प्रत्येक हद्दीवर वेगळं राज्य, वेगळा कारकून, वेगळा शिक्का. ऱ्हाईन नदीत मात्र आगबोटी होत्या, कोलोनपासून बेल्जियमच्या किनाऱ्यापर्यंत रूळ पडले होते, आणि खाडीपलीकडे डोव्हर ते लंडन आगगाडी आदल्याच वर्षी सुरू झाली होती. 31 ऑक्टोबरला पहाटे साडेचार वाजता वॅगहॉर्न लंडनमध्ये हजर. मार्सेयवरून निघालेलं टपाल आलं 2 नोव्हेंबरला.

आता तुम्ही म्हणाल, ट्रिएस्टची वाट कायम झाली असेल. तसं झालं नाही. आणखी चाचण्या झाल्या, खर्च वाढला आणि सरकारी टपाल मार्सेयवरूनच जात राहिलं. शर्यत एकदा जिंकायला एक हट्टी माणूस पुरतो. तीच वेळ दर खेपेला गाठायची तर बोट, घोडा, गाडी आणि शिक्का मारणारा कारकून, सगळ्यांनी रोज वेळेवर असावं लागतं. ते जमलं रूळ जोडले गेल्यावर. 1865 मध्ये रेल्वे इटलीच्या टोकाला ब्रिंडिसीला पोचली, 1871 मध्ये आल्प्सच्या पोटातला मों सनीचा बोगदा खुला झाला, आणि हिंदुस्थानची डाक कॅलेहून ब्रिंडिसीपर्यंत थेट आगगाडीने जाऊ लागली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलिअस फॉग ऐंशी दिवसांचा हिशेब मांडतो तो याच वाटेच्या भरवशावर. लंडन ते सुएझ सात दिवस, पुढे मुंबई तेरा दिवस. 1914 च्या महायुद्धाने ब्रिंडिसीचं हे वैभव संपवलं.

वॅगहॉर्नला यातलं काही पाहायला मिळालं नाही. ट्रिएस्टच्या प्रयोगांनी तो कर्जात बुडाला. मदतीसाठी अर्जामागून अर्ज केले. शेवटी पेन्शन मंजूर झाली आणि लगेच, जानेवारी 1850 मध्ये, तो गेला. चॅथमला त्याचा पुतळा उभा राहिला तो 1888 साली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आवक-जावकचं टेबल आठवलं. मीही तिथे काही वर्षं होतो. एका म्हाताऱ्या शिपायाच्या पेन्शनचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला, मधे फक्त एक भिंत असताना, सात महिने लागले. त्यातला महिनाभर तो माझ्याच ट्रेमध्ये होता. मंजुरी घेऊन आम्ही कळवायला गेलो तेव्हा त्यांच्या घरी बाराव्याची तयारी चालली होती.

तेव्हापासून पेन्शनचा कागद आला की मी तो ट्रेमध्ये ठेवत नाही. हातात घेऊन पुढच्या टेबलावर स्वतः नेऊन देतो.