लष्करी बँडमधील अंशकालीन वादक
नागरी व्यवसाय सांभाळून लष्करी वाद्यवृंदात सेवा करणाऱ्यास अंशकालीन लष्करी वादक म्हणतात. ब्रिटनच्या राखीव सेनेत अशा वादकांचे स्वतंत्र बँड आहेत. भारतात वादकांची भरती मुख्यतः पूर्णवेळ असते. १९४८ च्या कायद्याने उभारलेली प्रादेशिक सेना अंशकालीन असली, तरी ती प्रामुख्याने सैनिकी सेवेसाठी आहे. पायदळाच्या पाइप बँडमधील वादक मात्र वेगळ्या अर्थाने अंशकालीनच ठरतात: ते मुळात सैनिक असून युद्धकाळात जखमींना स्ट्रेचरवरून हलवतात.

धुळे जिल्ह्यातील शिरपूरसारख्या गावी लग्नसराईत वाजवणाऱ्या तरुणाचा वाद्यावर हात बसलेला असतो. अडचण येते ती स्वरलिपीची, कारण बहुतेक शिक्षण ऐकूनच झालेले असते. तथापि वायुसेनेने २०२४ मध्ये अग्निवीरवायू (संगीतकार) पदासाठी घेतलेल्या भरतीत पाश्चात्त्य स्वरलिपीचीच सक्ती नव्हती, हिंदुस्तानी पद्धतीही चालत होती. त्यासाठी दहावी उत्तीर्ण अविवाहित तरुण-तरुणी पात्र होते व सेवेची मुदत ४ वर्षे होती. भूदलाच्या वादकांना पचमढी येथील, १९५० मध्ये स्थापन झालेल्या लष्करी संगीत विभागात प्रशिक्षण मिळते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या बँडमध्ये शिक्षण सांभाळून वाजवता येते.